कल्चर रिपोर्टमधला ‘आर’ कशामुळे येतो?

लघवीच्या कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट हातात पडला की बरेच जण आमच्या लॅबच्या काउंटरवर विचारतात, “इतक्या औषधांपुढे ‘आर’ का? औषधं नकली होती का?” तसं नसतं. ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट. तुमच्या नमुन्यातला जंतू त्या औषधाला दाद देत नाही. त्याचं एक मोठं कारण जंतूच्या भिंतीत असतं.

ती भिंत आम्ही ग्रॅम स्टेन करून ओळखतो. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही रोज वापरात आहे. काचपट्टीवर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं, शेवटी लाल सॅफ्रानिन. जाड भिंतीचे जंतू जांभळेच राहतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. पातळ भिंतीचे गुलाबी दिसतात, ते ग्रॅम निगेटिव्ह.

पातळ भिंत म्हणजे दुबळा जंतू, असं मात्र समजू नका. त्या भिंतीवर स्निग्ध पदार्थांचं आणखी एक आवरण असतं आणि आत शिरायला फक्त बारीक छिद्रं. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचा मोठा रेणू तिथेच अडतो. पेनिसिलीनच्या गटातली काही औषधं आत पोचतात, पण आवरणाखालीच बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम त्यांना तोडून टाकतं. रिपोर्टवर ‘ईएसबीएल’ लिहिलेलं असेल, तर ते अशाच एन्झाइमबद्दल. लघवीच्या संसर्गात सर्वांत जास्त सापडणारा ई. कोलाय याच गुलाबी गटातला.

जाड भिंतीवाल्यांची तऱ्हा वेगळी. पेनिसिलीन भिंत विणणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं, भिंत अपुरी राहते आणि जंतू फुटतो. ‘एमआरएसए’कडे (मेथिसिलीन या पेनिसिलीन गटातल्या औषधाला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू) असं जादा प्रथिन असतं, जे या औषधांच्या हाती सहसा लागतच नाही. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूला तर भिंतच नसते, त्यामुळे पेनिसिलीन तिथे निरुपयोगी.

म्हणून शेजारच्या काकूंना लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असं नाही. कृपया ती घेऊन मग नमुना देऊ नका. अर्धवट मेलेले जंतू कल्चरमध्ये उगवत नाहीत आणि रिपोर्ट फसवा येतो. ताप जास्त असेल, तर औषध कधी सुरू करायचं ते डॉक्टरच सांगतील, नमुना द्यायचा राहिलाय म्हणून थांबू नका.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक काळजी. कामठी-हिंगण्याहून नमुन्याची डबी आणताना ती गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात जंतू भराभर वाढतात. दोन तासांत आणा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून बर्फाच्या पिशवीसोबत आणा. डबी आमच्याकडून मोफत मिळेल. रिपोर्टला साधारण दोन ते तीन दिवस लागतात.