इन्सुलिनचा डोस आणि ताटातली कर्बोदके: पार्श्वभूमी

टाइप १ मधुमेहात शरीर इन्सुलिन, म्हणजे रक्तातील साखर उतरवणारे संप्रेरक, जवळजवळ तयारच करत नाही. असा मधुमेह असलेल्या व्यक्तीने जेवणापूर्वी ताटातील कर्बोदकांचा, म्हणजे साखर चढवणाऱ्या पिष्टमय व गोड अंशाचा, हिशोब करून इन्सुलिनचे युनिट ठरवण्याची पद्धत आज सर्वमान्य असली, तरी बराच काळ क्रम उलटा होता. डोस ठरलेला असे आणि माणसाला त्याच्या मापाने, त्याच्या वेळेला खावे लागे.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन प्रथम टोचले गेले, त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. पुढे डेन्मार्कमध्ये संशोधक हागेडॉर्न यांच्या प्रयोगशाळेत दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन तयार झाले. त्यामुळे सुया कमी झाल्या, पण एकदा टोचलेले इन्सुलिन दिवसभर काम करत राहत असल्याने जेवणाची वेळ चुकवणे धोक्याचे ठरू लागले. १९५० मध्ये अमेरिकेत पदार्थांचे सहा गट पाडून अदलाबदलीच्या, म्हणजे एका गटातील कोणता पदार्थ कोणत्या मापात दुसऱ्याऐवजी खाता येईल याच्या, याद्या तयार करण्यात आल्या, मात्र त्यातही बदलायचे ते जेवणच.

खरी अडचण मोजमापाची होती. लघवीच्या तपासणीतून काही तासांपूर्वीची साखर कळते, या क्षणाची नाही, आणि ती कळल्याशिवाय रुग्णाच्या हाती डोस सोपवणे डॉक्टरांना शक्य नव्हते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातील रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारे यंत्र, घरात येऊ लागला आणि त्याच सुमारास जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे डॉक्टर मिखाएल बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांनाच डोस ठरवायला शिकवले. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल हेच, कारण येथे रुग्णावर विश्वास टाकला गेला. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवून दिले की, साखर काटेकोर ठेवल्यास डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंगही सुमारे तिपटीने वाढले होते. १९९६ मध्ये लिस्प्रो हे जलद इन्सुलिन उपलब्ध झाल्यावर अर्धा तास आधी टोचून थांबण्याची गरज उरली नाही. दिवसभराच्या एकूण युनिटनी ५०० ला भागण्याचा ढोबळ नियमही अशा इन्सुलिनसाठी वापरला जातो: ५० युनिट लागत असतील तर एका युनिटला १० ग्रॅम कर्बोदके, आणि हा केवळ आरंभीचा अंदाज, जो डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुधारावा लागतो.

पुण्यातल्या स्वयंपाकघरात पाश्चात्त्य याद्यांतील पावाच्या स्लाइसचा उपयोग थोडाच. भारतीय धान्यांचे आकडे मिळतात ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांतून. १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू झालेल्या या संस्थेने २०१७ मध्ये ५२८ खाद्यपदार्थांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. परंतु तक्ता धान्याचा असतो, पोळीचा नव्हे. सुमारे ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके धरता येतात, पण एका घरची पोळी दुसऱ्या घरी दीडपट असते. म्हणून कणीक एकदा काट्यावर तोलून तिच्या किती पोळ्या होतात, हे पाहावे लागते.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण तर या मोजणीत शब्दशः खरी ठरते. कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम घेतला तरी त्यात ५० ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात, त्यावर बटाट्याची भर पडते, आणि दाण्याच्या कुटातील व तुपातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढू शकते. त्यामुळे खिचडीच्या दिवशी युनिटच्या संख्येइतकाच इन्सुलिन टोचण्याच्या वेळेचाही विचार डॉक्टरांशी आधी बोलून करावा लागतो.