कॅप्सूलचं आवरण प्लास्टिकचं नसतं

'कॅप्सूलचं आवरण प्लास्टिकचं असतं आणि ते पोटात साठत जातं', हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो वाचून कितीतरी घरांत वडीलधारी माणसं कॅप्सूल फोडून आतलं औषध तेवढं घेतात, म्हणून मुद्दाम लिहितेय.

माशाच्या तेलाची मऊ कॅप्सूल हातात घ्या. चकचकीत असते, दाबली की दबते. प्लास्टिक वाटणं साहजिकच आहे. पण ते असतं जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यातल्या कोलॅजेनपासून काढलेलं प्रथिन. मऊपणा बहुधा ग्लिसरीनमुळे येतो.

घरीच करून बघा. वाटीत कोमट पाणी घ्या, साधारण 37 अंश, म्हणजे अंगाइतकं गरम. त्यात कॅप्सूल टाकून अधूनमधून ढवळा. आधी ती बुळबुळीत होते, मग उकलते आणि तेलाचे थेंब वर तरंगू लागतात. हळूहळू आवरणही विरघळतं. शेजारी प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवा, तो तसाच राहील. पोटात तर जोडीला पाचक रसही असतात.

काही कॅप्सूलना आतड्यात गेल्यावरच विरघळणारा लेप असतो. त्या साध्या पाण्यात टिकू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा कॅप्सूल फोडू नका.

शाकाहारी असाल, तर वनस्पतिजन्य आवरणाचा पर्याय आहे का, हे औषधाच्या दुकानात जरूर विचारा.