वीरगळ

लढताना मरण आलेल्याच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. शब्द कन्नड ‘वीरगल्लु’वरून आला, कल्लु म्हणजे दगड. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकात गावाच्या वेशीवर किंवा जुन्या शिवमंदिराच्या आवारात हे दगड आढळतात. सातारा जिल्ह्यात किकलीच्या भैरवनाथ मंदिरापाशी ते मोठ्या संख्येने आहेत.

वीर ठरण्यासाठी लढाई जिंकावी लागत नसे. गावाची गुरे पळवणाऱ्यांना आडवा गेलेला, वाघाशी झुंजलेला साधा माणूसही या मानाचा धनी झाला. कर्नाटकातील आतकूरच्या 10व्या शतकातील लेखात तर रानडुकराशी लढून मेलेल्या ‘काळी’ नावाच्या कुत्र्याचेही स्मरण आहे. कन्नड लेखांत वीराच्या कुटुंबाला दिलेल्या जमिनीची नोंद सापडते. तिला ‘नेत्तर कोडगे’, म्हणजे रक्ताबद्दलचे दान, म्हणत. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर मात्र लेख नाही. वीराचे नाव गेले, आता शिल्प हाच पुरावा.

वीरगळ खालून वर वाचायचा. साधारण तीन ते पाच चौकटी असतात. सर्वांत खाली आडवा पडलेला वीर. शेजारी गायी असतील तर गुरांसाठीची झुंज समजावी. त्यावर लढाई: वीर बहुधा पायी, हाती ढाल-तलवार, समोर कधी घोडेस्वार. काही दगडांत युद्ध आणि मरण एकाच चौकटीत येतात. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना दिसतात. सर्वांत वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर कीर्ती राहो. बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर ती सतीची खूण.

बोरिवलीजवळच्या एक्सरचे वीरगळ वेगळे: त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची रांग आणि आरमारी लढाई आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्या 13व्या शतकातील युद्धाशी त्यांचा संबंध जोडतात, पण तो अनुमानानेच.

दगड जमिनीत रुतला की पहिली दडते ती तळची चौकट. नेमके मरणाचे कारण तिथेच असते, म्हणून वर दिसणाऱ्या पिंडीवरून हा देवाचा दगड असे समजून लोक शेंदूर फासतात. शेंदराचे थर चढत गेले की बारीक कोरीव काम बुजते. जीर्णोद्धारात ऑइलपेंट लावणे, सिमेंटने भिंतीत बसवणे हे त्याहून वाईट. मागची आणि बाजूंची शिल्पे कायमची झाकली जातात. नोंद करताना दगड हलवू नये, खडूने रेषा गिरवू नयेत, तारेच्या ब्रशने घासू नये. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की झिजलेली शिल्पेही उठून दिसतात. तेव्हा शेजारी मोजपट्टी ठेवून चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. उंची, रुंदी, जाडी, तोंडाची दिशा आणि अचूक जागा लिहावी, कारण मूळ जागा सुटलेल्या वीरगळावरून ती झुंज कोणत्या वेशीवर झाली असेल, हे ताडता येत नाही.