डोळ्यांतील रक्तवाहिन्यांचे प्रतिमामापन

डोळ्याच्या मागील भागाची छायाचित्रे, रंजकचित्रे (शिरेत रंजक टोचून घेतलेली चित्रे) किंवा प्रकाशीय छेदचित्रे (प्रकाशाच्या साहाय्याने घेतलेली थरांची चित्रे) घेऊन त्यांवरून रक्तवाहिन्यांची रुंदी, वळणे, घनता, गळती आणि रक्तपुरवठा तुटलेले क्षेत्र मोजण्याच्या पद्धतींना मिळून ही संज्ञा वापरली जाते. कोठेही छेद न घेता जिवंत रोहिण्या व नीला थेट पाहता येतील अशी दृष्टिपटलासारखी (डोळ्याच्या मागच्या प्रकाशसंवेदी पडद्यासारखी) दुसरी जागा शरीरात जवळजवळ नाही. त्यामुळे मधुमेह, उच्च रक्तदाब, दृष्टिपटलाची नीला तुंबणे, काचबिंदू, उतारवयातील पीतबिंदूचा (दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा) ऱ्हास आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधील दृष्टिपटलविकार अशा अनेक रोगांत या मापनाचा उपयोग होतो. निदानाला पुष्कळदा डॉक्टरांची नजर पुरते. मोजमाप लागते ते विकार वाढला की थांबला, इंजेक्शनानंतर गळती ओसरली की नाही, हे ठरवण्यासाठी.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या ऑफ्थॅल्मोस्कोप या डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणामुळे १८५१ पासून दृष्टिपटल पाहता येऊ लागले. १८८६ मध्ये जॅकमन व वेबस्टर यांनी जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्या एका चित्रासाठी अडीच मिनिटे प्रकाश घ्यावा (एक्स्पोजर द्यावे) लागला होता. रंजकचित्रण १९६१ मध्ये नोव्होट्नी आणि अ‍ॅल्विस या अमेरिकेतील दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध केले, आणि तेही नेत्रवैद्यकाच्या नव्हे, रक्ताभिसरणावरील नियतकालिकात.

मुंबईच्या ओपीडीत एफएफए (फंडस फ्लुओरेसीन अँजिओग्राफी) या आद्याक्षरांनीच ओळखल्या जाणाऱ्या या रंजकचित्रणाच्या तपासणीला येताना सोबत माणूस आणायला सांगतात, कारण बाहुल्या मोठ्या करणाऱ्या थेंबांमुळे काही तास जवळचे धूसर दिसते, ऊन सहन होत नाही आणि अशा डोळ्यांनी गर्दीच्या लोकलमध्ये चढणे धोक्याचे असते. हनुवटी आधारावर टेकवून रुग्ण समोरच्या खुणेकडे पाहत असताना त्याच्या हाताच्या शिरेत फ्लुओरेसीन या रंजकाचे काही मिलिलिटर द्रावण टोचतात. सुमारे १० ते १५ सेकंदांत ते डोळ्यात पोहोचते. ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषून ते हिरवा प्रकाश सोडते आणि कॅमेऱ्यातील गाळणी तेवढाच टिपते. प्रथम दृष्टिपटलामागचा वाहिन्यांचा थर म्हणजे रंजितपटल उजळते, मग रोहिण्या, मग केशवाहिन्यांची जाळी; नीलांत आरंभी फक्त दोन्ही काठांना उजळ रेघा दिसतात, कारण रंजकयुक्त रक्त भिंतीलगत वाहत येते आणि मधला प्रवाह नंतर भरतो. निरोगी दृष्टिपटलाच्या वाहिन्यांतून हे रंजक बाहेर पडत नाही. म्हणून उशिराच्या चित्रांत एखादा ठिपका पसरत व धूसर होत गेला तर तेथे गळती आहे असे समजतात, आणि जो पट्टा काळाच राहतो तेथे केशवाहिन्या बंद पडलेल्या असतात. काहींना मळमळते, क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होत असल्याने तातडीची औषधे हाताशी ठेवावी लागतात. लघवी दिवसभर पिवळी होते, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरतो. रंजितपटलाच्या वाहिन्यांसाठी अवरक्त प्रकाशात चमकणारे इंडोसायनिन ग्रीन अधिक उपयोगी पडते.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) या प्रकाशीय छेदचित्रांच्या तंत्राने दृष्टिपटलाचे थर छेदचित्रात दिसू लागले, आणि त्यातूनच पुढे ओसीटी अँजिओग्राफी निघाली. तिच्यात रंजक लागत नाही. एकाच रेषेवर काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा छेद घेतले जातात. स्थिर ऊती तशाच राहतात, वाहत्या रक्तपेशींकडून येणारा प्रकाश मात्र बदलतो, आणि या फरकावरून वाहिन्यांचा नकाशा तयार होतो. पृष्ठभागाजवळची व खोलवरची जाळी वेगवेगळी पाहता येते, पण गळती दिसत नाही. शिवाय ज्या सूक्ष्म फुगवट्यांत रक्त फार मंद वाहते ते या नकाशातून सुटू शकतात. रंजकाचे चित्र आणि हा नकाशा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. एक दुसऱ्याची जागा घेईल ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे.

मापनासाठी साध्या छायाचित्रात दृक्‌चेतेच्या चकतीच्या (दृष्टिपटलातून मेंदूकडे जाणारी चेता जिथून निघते त्या गोल भागाच्या) कडेपासून चकतीच्या अर्ध्या ते एक व्यासाइतक्या अंतरावरील वर्तुळाकार पट्टा निवडतात आणि तेथील मोठ्या सहा रोहिण्या व सहा नीला यांच्या रुंदीवरून प्रातिनिधिक आकडे काढतात. उच्च रक्तदाबात रोहिण्या अरुंद होतात. हा बदल डोळ्यांनी दिसायला बारीक असला तरी प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलत असल्याने, बाकी सारे तसेच राहिले तर, रुंदी १० टक्के घटताच प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. अडचण अशी की ४५ अंशांच्या, २,००० बिंदू (पिक्सेल) रुंद असलेल्या चित्रात एक बिंदू ६ ते ७ मायक्रोमीटरचा असतो, म्हणजे १२० मायक्रोमीटरच्या रोहिणीतील ही घट जेमतेम दोन बिंदूंची ठरते. हृदयाच्या ठोक्यागणिक वाहिनीची रुंदी थोडी बदलते ते वेगळेच.

पीतबिंदूच्या मध्यभागी केशवाहिन्या नसलेला एक लहान प्रदेश असतो. मधुमेहात तो रुंदावतो व त्याची कड तुटक होते. परंतु निरोगी माणसांतही त्याचे क्षेत्रफळ दुप्पट-तिप्पट फरकाने आढळते, त्यामुळे एकट्या आकड्यावरून रोग ठरवता येत नाही. त्याच डोळ्याचा आधीचा आकडा जवळ असावा लागतो, आणि तोही त्याच यंत्रावरचा, कारण वाहिन्यांच्या घनतेची व्याख्या यंत्रागणिक निराळी असते. मोतीबिंदूमुळे यंत्राकडे परतणारा प्रकाशाचा संकेत मंदावला की वाहिन्या न घटताही घनता कमी भरते. जास्त मायनस नंबरचा डोळा लांब असतो, आणि यंत्र सर्वसाधारण लांबी गृहीत धरत असेल तर त्याची मापे खऱ्यापेक्षा लहान येतात. अहवालातील घनतेच्या टक्केवारीशेजारी संकेताची गुणवत्ता छापलेली असते. ती न वाचता टक्केवारी वाचण्यात अर्थ नाही.

मुंबईत जे. जे. व के. ई. एम. यांसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत, पण मधुमेहाची गोळी पालिकेच्या दवाखान्यातून नेणारा माणूस दिसायला कमी येईपर्यंत तेथे सहसा पोहोचत नाही. धारावीसारख्या वस्त्यांत दृष्टिपटलविकाराच्या पाहण्या झाल्या, त्या याच कारणाने. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतील पालिका दवाखान्यांत स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने चित्रे घेऊन इंटरनेटशिवाय फोनवरच चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीकडून ती तपासण्यात आली. अशी प्रणाली वाहिनीची रुंदी मोजून देत नाही. मधुमेहाच्या खुणा ओळखून कोणाला पुढे नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचे एवढेच ती सांगते, आणि मोजमापाचे काम रुग्ण तेथे पोहोचल्यावर सुरू होते.