रेल्वेचे पी. के., मैदानाचे पी. के.

कोलकात्याच्या मैदानात फुटबॉल क्लबांच्या कार्यालयांना आजही ‘तंबू’ म्हणतात. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या तंबूंमधलं अंतर हाकेचं, पण एखादा खेळाडू इकडून तिकडे गेला की शहरभर दुसरा विषय नसायचा. प्रशिक्षक म्हणून हे अंतर पुन्हा पुन्हा ओलांडून दोन्हीकडे सारखाच मान मिळवला तो प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजेच पी. के. यांनी. हे त्यांना कसं जमलं? मला विचाराल तर खेळाडू म्हणून ते या दोघांपैकी कुणाचेच नव्हते, म्हणून.

जन्म २३ जून १९३६चा, उत्तर बंगालातल्या जलपायगुडी भागातला. पुढे कुटुंब जमशेदपूरला आलं आणि वयाच्या पंधराव्या वर्षी पी. के. राज्यांच्या संघांमधल्या संतोष करंडक स्पर्धेत बिहारकडून उजव्या बगलेला खेळले. १९५४ मध्ये कोलकात्यात आर्यन क्लब, आणि वर्षभरात ईस्टर्न रेल्वे. आज ज्याला व्यावसायिक फुटबॉल म्हणतो ते तेव्हा आपल्याकडे नव्हतंच. खेळाडूला आधार असायचा तो नोकरीचा, आणि रेल्वेची नोकरी म्हणजे घराला कायमचा आधार. पी. के. अखेरपर्यंत रेल्वेचेच राहिले. १९५८ मध्ये याच ईस्टर्न रेल्वेने मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिघांना मागे टाकून कलकत्ता लीग जिंकली. तिघांबाहेरच्या क्लबला तसं पुन्हा करून दाखवायला थेट २०१९ उजाडावं लागलं. एवढं सांगितलं तरी त्या विजेतेपदाचं मोल कळावं.

देशाकडून खेळताना पी. के. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये होते. मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि भारत चौथा आला, ती हीच स्पर्धा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते कर्णधार होते आणि फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली ती त्यांच्याच गोलमुळे.

पण त्यांच्यातला प्रशिक्षक घडला तो जकार्तात, १९६२ च्या आशियाई स्पर्धेत, असं मी मानतो. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा भारतीय संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला होता. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागून सहा टाके पडले. दुसऱ्या कुणी त्याला विश्रांती दिली असती. रहीमनी त्याला बचावातून काढून थेट आघाडीला उभं केलं, आणि जर्नेलने उपांत्य सामन्यातही गोल केला, अंतिम सामन्यातही. ४ सप्टेंबरच्या त्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. इस्रायल आणि तैवानला बाहेर ठेवण्यावरून झालेल्या राजकीय वादामुळे भरलेलं स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं. सतराव्या मिनिटाला पी. के., विसाव्या मिनिटाला जर्नेल. भारत २-१ ने जिंकला. रहीम तेव्हा कर्करोगाने खंगले होते. पुढच्याच वर्षी ते गेले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेलं नाही. घाबरलेल्या, दमलेल्या, टाके पडलेल्या माणसाकडूनही त्याचा उत्तम खेळ काढता येतो, हे पी. के. यांनी तिथे आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

दुखापतींमुळे १९६७ मध्ये खेळ थांबला. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने ब्राँझ जिंकलं तेव्हा ते संघाच्या प्रशिक्षकांत होते, आणि १९७२ मध्ये ईस्ट बंगालने त्यांना बोलावलं. पुढची चार वर्षं लीग ईस्ट बंगालनेच जिंकली. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला त्यांनी ५-० ने हरवलं. ही जखम बागानचे लोक अजून विसरलेले नाहीत. आणि पुढच्याच वर्षी बागानने काय करावं? पी. के. यांनाच आपल्याकडे आणलं!

१९७७ च्या सप्टेंबरात पेले न्यूयॉर्क कॉसमॉस या अमेरिकन क्लबबरोबर ईडन गार्डन्सवर आले. बागानने तो सामना २-२ असा बरोबरीत सोडवला. त्याच वर्षी लीग हातची गेली होती, पण कॉसमॉसनंतर संघ वेगळाच झाला. आयएफए शील्ड, ड्युरँड आणि आपल्या मुंबईतला रोव्हर्स करंडक, तिन्ही एका मोसमात बागानकडे आले.

सगळंच साधलं असंही नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांचा भारतीय संघ उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून ०-१ असा बाहेर पडला. घरच्या मैदानावरचा तो पराभव त्यांच्या कारकिर्दीला लागलेला चटकाच.

त्यांच्या सामन्याआधीच्या बोलण्याला कोलकात्यात ‘व्होकल टॉनिक’ म्हणायचे. ते काय असायचं याचा नमुना १३ जुलै १९९७ चा. फेडरेशन करंडकाचा उपांत्य सामना, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, सॉल्ट लेक स्टेडियम, सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक. पी. के. तेव्हा ईस्ट बंगालचे प्रशिक्षक. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त खेळाडूंना हिऱ्याच्या आकारात उभं करण्याच्या आपल्या ‘डायमंड’ रचनेच्या जोरावर आधीपासूनच ईस्ट बंगालच्या खेळाडूंची टर उडवत होते. बायचुंग भूतियाला ‘चुंगचुंग’, ओमोलोला ‘ऑम्लेट’, सोसोला ‘शशा’, म्हणजे काकडी. पी. के. यांनी जाहीर उत्तर देण्यात वेळ घालवला नाही. हीच नावं त्यांनी आपल्या खेळाडूंपुढे ठेवली आणि त्यांचा राग मैदानावर उतरू दिला. ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकलं. त्यांतले तीन गोल ‘चुंगचुंग’चे.

अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकरने ईस्ट बंगालला हरवलं आणि करंडक नेला. पण २० मार्च २०२० रोजी पी. के. गेले तेव्हा जो तो आठवण काढत होता ती त्या उपांत्य सामन्याचीच.