साथीच्या गणिताचा उंबरठा

डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसं गेली, त्याची नोंद ठेवली गेली होती. वीसेक वर्षांनी, १९२७ साली, एडिंबरोतल्या दोघांनी एका निबंधात ते आकडे आलेखावर मांडले आणि एका समीकरणातून निघालेली रेघ त्यांवर बसवली. रेघ हळूहळू चढते, एप्रिलच्या मध्याला आठवड्याला ८९० मृत्यूंवर पोचते आणि तशीच उतरते. ठिपके तिच्या इतके जवळ पडतात की साथरोगांच्या गणितात हा आलेख अजूनही दाखवला जातो.

ती रेघ बसली खरी, पण बऱ्याच अंशी चुकीच्या कारणाने. आणि तरीही त्या निबंधातून जे हाती लागलं, ते खोटं ठरलं नाही. हे कसं, ते समजायला आधी दीडेकशे वर्षं मागे जावं लागतं.

१७६० मध्ये डॅनिएल बर्नुलीने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक हिशेब मांडला. हा मूळचा वैद्यकाचा पदवीधर. नाव झालं ते पाण्याच्या प्रवाहाच्या भौतिकशास्त्रात. प्रश्न होता सरकारी धोरणाचा: देवीच्या फोडातली लस निरोगी माणसाला मुद्दाम टोचावी का? (मराठीत ‘लस’ म्हणजे मुळात फोडातून पाझरणारा द्रवच.) टोचलेल्यांतले काही दगावत. बर्नुली धरून चालला की देवी न आलेल्यांपैकी दरवर्षी आठांत एकाला देवी येते आणि आलेल्यांपैकी आठांत एक मरतो. त्यावरून त्याने दाखवलं की देवी नाहीशी झाली तर सरासरी आयुष्य २६ वर्षं ७ महिन्यांवरून २९ वर्षं ९ महिन्यांवर जाईल. टोचणीने दोनशेत एक गेला, तरी सौदा फायद्याचाच.

दालांबेर हा गणिती भडकला. आज टोचून घेऊन महिन्याभरात मरायचा धोका आणि म्हातारपणी पदरात पडणारी तीन वर्षं एकाच तराजूत कशी घालता, असा त्याचा सवाल होता. बर्नुली बोलत होता राज्याच्या बाजूने, दालांबेर हात पुढे करणाऱ्या माणसाच्या. माझ्या मते या वादात दालांबेरवर अन्याय झाला. त्याला नुसता हेकट ठरवून लोक पुढे गेले.

यात साथ कशी पसरते, याचं गणित अजून नव्हतं. ते आणलं रोनाल्ड रॉसने. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्याला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला, १९०२ मध्ये नोबेल मिळालं, पण लष्करी डॉक्टरांशी त्याचं भांडण काही मिटलं नाही. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत डास हटवायचा मोठा प्रयोग झाला आणि तो फसला, असा निकाल लागला. शेवटचा डास मरेपर्यंत हिवताप कसा जाणार, हा विरोधकांचा मुद्दा. रॉसने १९११ पर्यंत समीकरणं मांडून उत्तर दिलं: शेवटचा डास मारायची गरजच नाही. माणसामागे डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की एका रुग्णापासून सरासरी एकही नवा रुग्ण होत नाही आणि हिवताप आपोआप विझतो. म्हणजे साथीलाही एक उंबरठा असतो. साधी वाटणारी ही कल्पना पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे.

रॉससोबत १९०१ मध्ये सिएरा लिओनला गेलेला तरुण डॉक्टर अँडरसन मॅकेंड्रिक पुढे भारतीय वैद्यकीय सेवेत राहिला, कसौलीच्या पाश्चर संस्थेचा प्रमुख झाला आणि आजारपणामुळे १९२० मध्ये एडिंबरोला परतला. तिथे त्याला भेटला विल्यम कर्मॅक. हा रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेले, वय अवघं सव्वीस. त्यानंतरचं काम त्याने दुसऱ्यांकडून वाचून घेत केलं. १९२७ च्या त्या निबंधात या दोघांनी लोकसंख्येचे तीन भाग पाडले: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झालाय ते, आणि बरे होऊन किंवा मरून साखळीबाहेर पडलेले. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की साथ थांबते ती सगळे आजारी पडल्यामुळे नव्हे. रोग होऊ शकेल अशांची संख्या उंबरठ्याखाली गेली की ती ओसरू लागते. कित्येकजण शेवटपर्यंत वाचतात.

मुंबईचे आकडे त्यांनी याचा दाखला म्हणून घेतले. पण मुंबईतला प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. तो उंदरांचा रोग, पिसवांमार्फत माणसात येणारा. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने हे प्रयोगांनी पक्कं केलं होतं. शिवाय तो दरवर्षी थंडीत वाढे आणि उन्हाळा तापला की ओसरे. तेव्हा रेघ उतरली त्यात उंबरठ्याइतकाच, कदाचित जास्तच, हात ऋतूचा होता. उंदरांची अडचण दोघांनी निबंधातच कबूल केली होती. आलेख मात्र त्या कबुलीशिवायच फिरत राहिला.

पन्नाशीच्या दशकात जॉर्ज मॅकडोनल्डने रॉसचं गणित पुढे नेलं. परजीवी डासाच्या अंगात तयार व्हायला दहाएक दिवस लागतात. तोवर डास जगला तरच उपयोग. रोज शंभरातले नव्वद डास जगत असतील, तर दहा दिवसांनी पस्तीस उरतात. रोज ऐंशीच जगू दिले, तर उरतात अकरा. म्हणून डबकी बुजवून डासांची संख्या कमी करण्यापेक्षा घराच्या भिंतींवर डीडीटी फवारून त्यांचं आयुष्य कमी करणं जास्त लागू पडतं. जागतिक हिवताप निर्मूलन मोहीम याच तर्कावर उभी राहिली. भारतात रुग्णसंख्या १९६५ मध्ये लाखभरावर आली आणि १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेली. समीकरणात डास डीडीटीला सरावत नव्हते, आणि फवारणीचा निधीही आटत नव्हता.

भौतिकशास्त्रज्ञ यात शिरले ते नंतर. रॉबर्ट मे अतिवाहकतेवर, म्हणजे वीज विनाअडथळा वाहून नेणाऱ्या पदार्थांवर, काम करणारा. त्याने रॉय अँडरसनबरोबर १९७९ पासून या गणिताला लसीकरणाच्या धोरणाशी जोडलं. एक गोवरग्रस्त सरासरी पंधरा जणांना रोग देत असेल, तर चौदांना आधीच संरक्षण हवं, म्हणजे ९३ टक्के. मग २००१ मध्ये पास्तोर-सातोरास आणि वेस्पिन्यानी यांनी संगणक व्हायरसचा अभ्यास करताना वेगळंच दाखवलं. ज्या जाळ्यात थोड्यांचेच संबंध अफाट असतात आणि बाकीच्यांचे मोजके, तिथे जाळं अमर्याद मोठं धरलं तर उंबरठा शून्यावर येतो, म्हणजे कितीही मंद पसरणारा रोग टिकून राहतो. इतक्या वर्षांची पुण्याईच गेली म्हणायची! प्रत्यक्षातली जाळी मर्यादित असतात, तेव्हा उंबरठा उरतो. पण सरसकट सगळ्यांना लस देण्यापेक्षा जास्त संबंध असलेल्यांना आधी द्यावी, हा विचार तिथून बळावला.

१६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजचा कोविडवरचा अहवाल आला. काहीच केलं नाही तर ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार मृत्यू, असा त्याचा अंदाज होता. आठवड्याभरात देश बंद झाला. गटाचा प्रमुख नील फर्ग्युसन, शिक्षणाने सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. टीकाकार त्या आकड्यावर तुटून पडले. ‘काहीच केलं नाही तर’ ही अट बहुतेकांनी वाचलीच नाही.

पुढच्या वर्षी दालांबेर परत आला. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीमुळे क्वचित रक्ताच्या गंभीर गुठळ्या होतात, असं दिसल्यावर ब्रिटनच्या तज्ज्ञांनी वयागणिक तक्ते मांडले. संसर्ग कमी असताना २० ते २९ वयोगटात लाखामागे ०.८ जण लशीमुळे अतिदक्षता विभागात जाण्यापासून वाचत होते आणि १.१ जणांना लशीचा गंभीर त्रास संभवत होता. साठीतल्या माणसांसाठी पारडं उघडपणे लशीच्या बाजूला होतं. ७ एप्रिल २०२१ रोजी तिशीखालच्या निरोगी लोकांना शक्यतो दुसरी लस द्यावी, असा सल्ला निघाला. महिन्याभरात ती मर्यादा चाळिशीवर नेली.