बाहुलीघराचं नक्षीचं छत : शीट कापायच्या आधी हे वाचा

नमस्कार. हे पान आम्ही प्रत्येक पार्सलमध्ये टाकतोय, कारण खोलीच्या आतल्या छताला लावायची उठावाच्या नक्षीची शीट घेऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, "अहो ते मधून लोंबायला लागलंय." मग फोनवर अर्धा तास जातो. त्यापेक्षा लिहूनच देतो म्हटलं.

सगळ्यात आधी, शीट घराच्या छताला चिकटवायची नाही. आधी २ मिमीच्या माउंट बोर्डवर (फोटोफ्रेममधला जाड पुठ्ठा) चिकटवायची आणि मग तो बोर्ड वर बसवायचा, तोही असा की उद्या काढता आला पाहिजे. कारण डोकं खाली घालून, हात त्या १० इंचाच्या खोलीत कोंबून गोंद लावलेला कागद वर धरून बघा म्हणजे कळेल, गोंद सुकेपर्यंत कागद स्वतःच्याच वजनानं मधून सुटतो, कडेला बोटं लागतात आणि नक्षी दबते. दुसरं म्हणजे लाईट. झुंबर लावणार असाल तर त्याची वायर छताच्या मागून जाते, आणि बारका एलईडी कधी ना कधी जाणारच. तेव्हा छत निघत नसेल तर नक्षी फाडूनच आत जावं लागतं, दुसरा रस्ता नाही.

आता माप. आमच्याकडची बहुतेक घरं १:१२ ची, म्हणजे खऱ्या घरातला १ फूट इथं १ इंच. नक्षी निवडताना लोक हेच विसरतात. खऱ्या छताला लावायच्या नक्षीदार पत्र्याचा चौकोन २ फुटाचा धरला तर इथं तो २ इंचाचा, आणि खरा उठाव अर्धा इंच असेल तर इथं जेमतेम १ मिमी. एक काका लग्नपत्रिकेचा उठावाचा कागद घेऊन आले होते, कल्पना एकदम झकास, पत्रिकेचा जाड कागद या कामाला खरंच चांगला असतो, पण त्यावरचा गणपती होता ३ इंचाचा. म्हणजे आतल्या बाहुल्यांच्या डोक्यावर ३ फुटी गणपती! आम्ही त्यांना म्हटलं काका, गणपती राहू दे, त्याच पत्रिकेच्या कडेची वेल घ्या. त्या वेलीची पट्टी फार सुंदर दिसली.

ही नक्षी मुळात परदेशातली. तिकडं श्रीमंताच्या घरी छताला प्लास्टरची नक्षी असायची, ती महाग, म्हणून स्वस्तातले पर्याय निघाले. १८७७ साली फ्रेडरिक वॉल्टन यांनी लिंक्रस्टा काढलं, जवसाच्या तेलाच्या लगद्यावर रोलरनं नक्षी दाबायची. लिनोलियमवाले (जमिनीवर पसरायचं ते) वॉल्टन तेच. मग १८८७ ला कागदाच्या लगद्याचं अॅनाग्लिप्टा आलं, ते वजनाला हलकं, म्हणून छताला जास्त सोयीचं. अमेरिकेत पातळ पत्रा साच्यात दाबून छतं केली. आणि तो पत्रा बहुतेक जण पांढराच रंगवायचे, प्लास्टर वाटावं म्हणून. त्यामुळं चंदेरी रंग मागणाऱ्यांना आम्ही एकदा तरी अडवतो. मॅट पांढरा किंवा मलईचा रंग घ्या. चंदेरी केलं की मिठाईच्या बॉक्सचं झाकण दिसतं.

सातारा-वाईकडचे बरेच जण वाडा करून घेतात आणि त्यालाही हेच छत मागतात. वाड्याला कडीपाट असतो हो, लाकडी तुळया आणि त्यावर पाट. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात जाऊन एकदा मान वर करून बघा. कडीपाटाच्या पट्ट्या आम्ही वेगळ्या देतो. तरी तुम्हाला नक्षीच पाहिजे असेल तर देऊ, घर तुमचं आहे.

शीट घरीच करायची असेल तर १ मिमी पुठ्ठ्यातून डिझाइन कापा, त्यावर कागद ठेवा आणि रिकाम्या रिफिलनं किंवा विणायच्या सुईच्या बोथट टोकानं कडेकडेनं दाबत जा. एकदम जोर लावला की कागद फाटतो, तीन-चार वेळा हलका हात फिरवायचा. पत्र्याचा लूक पाहिजे तर क्राफ्टचा अॅल्युमिनियम पत्रा वापरा, स्वयंपाकघरातली फॉइल नको, ती फार पातळ. पत्र्याच्या मागच्या खळग्यात पेंटरची लांबी (पुट्टी) भरून सुकवली की नंतर बोट लागून नक्षी चेपत नाही. झुंबराच्या वरचं गोल फूल पाहिजे असेल तर पेढ्याचा छाप आहे की घरात! छापाला टाल्कम पावडर लावा, एअर ड्राय क्ले (हवेत सुकणारी माती) दाबा, निघालं फूल. दीड इंचाचा छाप म्हणजे खऱ्या घरातलं दीड फुटाचं फूल, माप बरोबर बसतं.

चिकटवताना फेविकॉल चालतो पण अगदी पातळ. जुन्या व्हिजिटिंग कार्डानं बोर्डवर पसरा, जास्तीचा ओढून काढा, थोडा चिकट झाला की शीट ठेवा. कागद ओला झाला की उठाव बसतो, हे आम्हाला २०१९ च्या पुरात चांगलंच कळलं. गोडाऊनमधल्या वरच्या रॅकपर्यंत पाणी पोचलंच नव्हतं, नुसत्या दमटपणानं गठ्ठेच्या गठ्ठे सपाट झाले. शीट दाबायला मऊ स्पंज किंवा घडी केलेला टॉवेल घ्या. एका ताईंनी लाटणं फिरवलं होतं. चपाती झाली, नक्षी गेली.

बोर्ड खोलीच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूनं १ मिमी कमी कापा. खोली ३०५ बाय २५४ मिमी असेल तर बोर्ड ३०३ बाय २५२. दोन्ही कर्ण मोजून बघा, सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही, मग कागदाचा साचा कापून त्यावरूनच बोर्ड कापा. नक्षी मधून सुरू करा, म्हणजे समोरासमोरच्या कडेला सारखीच कापली जाते. कोपऱ्यातून सुरू केलं तर एका बाजूला अर्धं फूल येतं आणि नजर सारखी तिथंच जाते.

रंग बाहेर, टेबलावरच द्या. बोर्डच्या मागच्या बाजूलाही एक हात मारा, नाहीतर एकाच बाजूचा रंग सुकताना बोर्ड वाकतो. खळग्यात अगदी पातळ तपकिरी रंग सोडून लगेच पुसला की नक्षी उठून दिसते. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून पांढरा रंग फक्त उंच भागावरून ओढायचा.

बसवायच्या आधी झुंबराच्या वायरला ३ मिमीचं भोक पाडा आणि वायर मागून टेपनं धरा. मग चार कोपरे आणि मध्ये डबल टेपचे छोटे तुकडे, बास. पूर्ण छतभर टेप लावू नका, निघणार नाही. टेप पकडेपर्यंत खोलीत फुगा ठेवून फुगवा, तो बोर्ड वर दाबून धरतो. हसू नका, सगळ्यात भारी जॅक तोच आहे. आणि हे सगळं वॉलपेपर लावायच्या आधी. कडेची कॉर्निस पट्टी (भिंत आणि छताचा सांधा झाकणारी) शेवटी, कोपऱ्यात ४५ अंशात कापून, आणि ती चिकटवायची छताच्या बोर्डला, भिंतीला नाही, नाहीतर परत छत अडकलं.

ऑर्डर देताना खोलीची लांबी, रुंदी, दोन्ही कर्ण आणि झुंबराची जागा लिहून पाठवा, सोबत एक फोटो. गौरी-गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडं फार गर्दी असते, आणि त्या हवेत रंग सुकायलाही वेळ लागतो, तेव्हा त्या दिवसांत पाहिजे असेल तर जरा आधीच सांगा.